लाखांदूरचा संताप आणि पवनीची टेकडी

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले की गप्पांची गाडी कोणत्या स्टेशनावर जाऊन थांबते, हे सांगायला ज्योतिषी नको. चिवड्यात खोबरे किती घातले इथपासून सुरू झालेले बोलणे पाच मिनिटांत मंत्रिमंडळावर येते, दहाव्या मिनिटाला आवाज चढतात आणि पंधराव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन येते व तह घडवून आणते. पूर्वी हा संताप सकाळच्या वर्तमानपत्राबरोबर यायचा आणि कचेरीची गाडी गाठण्याच्या घाईत विरून जायचा. आता तो खिशातल्या मोबाईलमधून दर दहा मिनिटांनी येतो, आणि रात्री उशाशीही झोपतो.

अशा मैफलीत एक गृहस्थ नेहमी असे असतात, की जे बोलत नाहीत. ते खिडकीबाहेरच्या झाडावरचा पक्षी पाहत असतात, किंवा यजमानांच्या कपाटातले जुने गॅझेटियर काढून चाळत बसतात. संतापलेली मंडळी त्यांना पळपुटे म्हणतात. ते गृहस्थ मनातल्या मनात संतापलेल्यांना उथळ म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण खरा प्रश्न निराळाच आहे. अन्यायाची चीड आणि सृष्टीचे व इतिहासाचे कुतूहल ही दोन्ही एकाच मनात, एकाच घरात, सुखाने नांदू शकतात का? नांदलीच, तर एकमेकींच्या कामी येतात का?

या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात सापडणे अवघड. त्यासाठी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडे जायला हवे.

झाडीपट्टीचा मुलूख

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. नागपूरहून शंभरावर किलोमीटर. दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा याच भागातून दक्षिणेकडे जाते. पुढे वर्धा मिळाल्यावर ती प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीच्या स्वाधीन होते. इकडची चुलबंद नदी वैनगंगेलाच मिळते. चोहोकडे धानाच्या बांध्या आणि जुने तलाव. या सगळ्या टापूला झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या बोलीला झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्यभर खपून तिला अभ्यासाचा विषय बनवले.

आपल्याकडे भाऊबीज झाली की दिवाळी संपते. झाडीपट्टीत तेव्हा ती रंगात येते. गावोगाव मंडई भरू लागते, लेकी-जावई येतात, दंडार होते, आणि रात्री मांडवाखाली नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर या मुलखात फिरतात. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा हा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी शेतावर हजर असतो. एवढी हौस असलेल्या माणसांना संतापाचे कारण नसावे असे वाटेल. पण कारणे आहेत, आणि ती नदीइतकीच मोठी आहेत.

राग का येऊ नये?

२२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. अडीच लाख हेक्टरांना पाणी मिळेल असे सांगितले गेले. अकरा किलोमीटरांहून लांब धरण, तेहतीस दरवाजे. जे मूल कोनशिलेच्या दिवशी पाळण्यात होते, त्याच्या केसांत आता रुपेरी तार दिसू लागली, आणि खर्चाचा आकडा कित्येक हजार कोटींवर गेला. डाव्या कालव्याच्या अस्तराचे काम निकृष्ट निघाले आणि ते उकरून पुन्हा करण्याची पाळी आली. चौकशी समित्या बसल्या, गुन्हे नोंदले गेले. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. घर, शेत, गावदेवीचा पार, सारे मोजून त्याचे रुपये करण्यात आले. विस्थापितांना मोर्चे काढीत वर्षे घालवावी लागली. २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचे खास पॅकेज जाहीर झाले, ते या मोर्चांमागून.

त्यात २०२० चा ऑगस्ट आला. महामारीने माणसे आधीच घरात कोंडलेली. महिनाअखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटले आणि गोसीखुर्दचेही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहर, पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा, सगळीकडे वैनगंगा माणसांच्या घरात शिरली. ऐन पोटरीला आलेला धान चिखलाखाली गेला. वेळेवर सूचना का मिळाली नाही, दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांचे आपसांत बोलणे झाले की नाही, असे प्रश्न लोकांनी विचारले. ते विचारायलाच हवे होते.

आणखी एक गोष्ट शहरवासीयांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत जाते. ते पुढे कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत आणि म्हणून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. आंभोरा हे संगमाचे तीर्थ. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी इथेच लिहिला, अशी या भागाची श्रद्धा आहे. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही, हा भाग वेगळा. पण ज्या संगमावर मराठी ग्रंथाचा जन्म सांगितला जातो, तिथे आपण मोरीचे पाणी पाठवतो. असे असता राग येऊ नये, असे कुणी म्हणत असेल तर त्याचे मन फार शांत नसून फार निबर झाले आहे.

मामा तलावांची कहाणी

आता दुसरी बाजू पाहू. या भागात ‘मामा तलाव’ असा शब्द कानी पडतो. आईच्या भावाशी त्याचा संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी शब्दांची ती आद्याक्षरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरकडचा भाग मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव कागदोपत्री आहेत. लाखांदूर तालुक्यातही ते आहेत. चांद्याच्या गोंड राजांनी एक शहाणपणाची रीत घातली होती. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन इनाम. कोहळी समाज या कामात वाकबगार. काशीयात्रेला गेलेल्या गोंड राजाने त्यांना तिकडून आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, उताराची नजर या लोकांकडे होती हे खास. कोणत्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात कसा पडेल, शेवटचे पाणी बोडीत कसे मुरेल, हे त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून ठरवले. नवेगावचा अफाट बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते.

इंग्रजी अमलात गावाचा वसूल गोळा करणारे मालगुजार आले आणि तलावांची देखभाल त्यांच्याकडे राहिली. १९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी मोडली. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले.

आता इथे नुसता संतापणारा माणूस कसा बोलतो ते पाहा. एक म्हणेल, “सरकारने घेतले आणि वाटोळे केले.” दुसरा म्हणेल, “मालगुजार गरिबांना राबवून घेत, मोडली हेच उत्तम.” दोघेही तावातावाने भांडतील, आणि दोघांच्याही हातात सत्याचा अर्धाच तुकडा असेल. इतिहासाची चौकशी करणाऱ्याला संपूर्ण गोष्ट दिसते. मालगुजारी मोडणे न्यायाचे होते. पण दरवर्षी पाळीवर माती टाकायची कुणी, गाळ काढायचा कुणी, पाणी वाटायचे कुणी, हे ठरवणारी गावातली घडीही त्याबरोबर मोडली, आणि तिच्या जागी नवी घडी बसली नाही. तलाव एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरत राहिले. गाळ चढला, कडेच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे माजली. न्याय्य कायद्याच्या पोटीही असा अनर्थ जन्माला येऊ शकतो, हे ज्ञान घोषणेतून मिळत नाही. ते मिळवायला जुनी दप्तरे उलगडावी लागतात आणि पाळीवरून चालावे लागते.

असे चालणारे लोकही निघाले. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ हे एका संस्थेचे नाव. त्या नावातच निसर्ग आणि संस्कृती शेजारी शेजारी बसली आहेत. अर्जुनी-मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलावांचा अभ्यास आरंभला, तेव्हा त्यांनी गुरू केले ते ढिवर समाजातल्या लोकांना. मासेमारीवर जगणाऱ्या या समाजाची तक्रार जुनी होती. तलावात मासळी उरली नाही, पोट कसे भरायचे? सरकारी उत्तर तयार होते. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडा. पण बीज सोडूनही तलाव सुधारेना. तेव्हा या मंडळींनी उलट विचारायला सुरुवात केली. पूर्वी कोणते मासे होते? ते कुठे अंडी घालीत? कोणती पाणवनस्पती खात? म्हाताऱ्या ढिवरांनी माशांची आणि गवतांची नावे धडाधड सांगितली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मग बेशरम उपटले गेले, तलावाची कोरडी कड नांगरली गेली, दुसऱ्या तलावातून वनस्पती आणून चिखलात रोवल्या गेल्या, आणि या कामात ढिवर बाया पुढे राहिल्या. वनस्पती आल्या, तसे देशी मासे आले. मासे आले, तसे पक्षी आले. आणि तलावावर ज्यांचा हक्क, त्यांच्या हाती चार पैसेही आले.

यात आंदोलन नव्हते असे नाही. हक्कासाठी अर्ज होते, सभा होत्या, कचेरीचे खेटे होते. पण त्या रागाला माशाचे आणि गवताचे नाव ठाऊक होते. म्हणून अधिकाऱ्यांसमोर तो नुसता ओरडला नाही, त्याने पुरावा मांडला.

हरलेली निवडणूक आणि न खणलेली टेकडी

भंडाऱ्याच्या राजकीय इतिहासातही याच अर्थाची एक मोठी गोष्ट आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. घटना लिहून झाली होती, मंत्रिपद त्यांनी सोडले होते, १९५२ ची मुंबईतली निवडणूक ते हरले होते. भंडाऱ्यातही त्यांचा पराभव झाला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. दुसऱ्या जागेवर समाजवादी अशोक मेहता विजयी झाले.

ज्या माणसाला संतापण्याचा अधिकार सर्वांहून अधिक होता, त्याने त्यानंतर काय केले? सभा आणि संघटना चालूच होत्या. त्याबरोबर त्यांनी बुद्धावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा करण्याचा ध्यास घेतला. प्रकृती ढासळत असताना त्यांनी तो लिहून काढला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. ही सवय जुनी होती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला. ज्या रूढीने पोळून काढले, तिच्यावर ते आग ओकत होतेच. शिवाय ती केव्हा आणि कशी जन्मली, याचा शोधही थांबवत नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यासाठी नागपूरच का निवडले, हे सांगतानाही त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवणाऱ्या प्राचीन नाग लोकांचा इतिहास लोकांपुढे मांडला.

आता योगायोग पाहा. त्यांच्या प्रचाराच्या त्या मतदारसंघातच, लाखांदूरच्या पश्चिमेला, पवनी हे वैनगंगेकाठचे जुने गाव आहे. गावाला तटबंदी आहे, खंदक आहे, घाट आहेत, आणि देवळे इतकी की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. गावाबाहेर काही टेकाडे होती. त्यांतल्या एकाला लोक जगन्नाथ टेकडी म्हणत. त्या टेकाडांच्या पोटात काय आहे, याची १९५४ साली कुणालाच पुरती कल्पना नव्हती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी तिथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. टेकडीखाली निघाला एक प्रचंड बौद्ध स्तूप, आकाराने सांचीच्या थोरल्या स्तूपाच्या बरोबरीचा. त्याभोवती कठड्याचे कोरीव खांब, त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे. एका शिल्पात बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी आपल्या कमाईतून एकेक दगड दिला आणि त्यावर नाव घातले. नाग आणि बुद्ध यांचा जो संबंध बाबासाहेबांनी नागपूरच्या मैदानावर सांगितला, त्याची एक दगडी साक्ष त्यांनीच हरलेल्या मतदारसंघाच्या मातीत तेव्हा गाडलेली होती.

पवनीत महाक्षत्रप-कुमार रूपिअम्म याचा स्मारकस्तंभ आणि भारवंशीय राजा भगदत्त याचा शिलालेखही सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्यांनी असले लेख वाचून विदर्भाचा इतिहास उजेडात आणला. हे राजे कोण, हे आज पवनीच्या बाजारात किती जणांना सांगता येईल? त्यांच्याही काळी कर होते, जुलूम होता, पूर होता, आणि त्यावर संतापणारी माणसे होतीच. त्यांच्या राजवटी गेल्या. दात्यांची नावे मात्र दगडावर राहिली. संतापाला हे ठाऊक असलेले बरे. त्यामुळे तो विझत नाही, पण त्याला धीर धरता येतो.

उपयोगाशिवाय पाहणे

इथवर आपण कुतूहलाचा उपयोग पाहिला. पण प्रत्येक गोष्ट कामाची आहे म्हणूनच पाहायची, हा हिशेबीपणाही बरा नव्हे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतच उरला आहे, तोही पन्नासाच्या आत. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, राखी अंगाचा, लाल डोक्याचा. तो जोडीने राहतो आणि धानाच्या बांधीतच घरटे करतो. थोडा धान जातो, तरी पुष्कळ शेतकरी ते घरटे राखतात. त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे, धानाच्या भावाबद्दल त्याच्या मनात चीड आहे. तरी सकाळी सारसाची तुतारीसारखी हाक आली की तो मान वर करून पाहतो. त्या पाहण्याने त्याची मागणी लहान होत नाही.

नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी तिथल्या माधवराव पाटलांकडून पक्ष्यांची आणि रानाची लोकविद्या शिकून घेतली आणि ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांनी टिपून ठेवलेले शब्द राहिले, म्हणून आपल्याला या मुलखातले पक्षी नावाने हाक मारण्याजोगे झाले.

“अहो, पण देश जळत असताना पाखरे पाहत बसायचे का?” असे कुणी विचारील. त्याला दुर्गाबाई भागवतांचे उदाहरण द्यावे. ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांच्या झाडाफुलांचे वैभव त्यांनी मराठीत आणले. भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांताच्या रानात त्यांनी तरुणपणी आदिवासींचा अभ्यास केला होता. त्याच दुर्गाबाईंनी १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीच्या ऐन भरात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे सरकारविरुद्ध आवाज उठवला आणि १९७६ मध्ये त्या तुरुंगात गेल्या. त्यांना अटक झाली तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सहवासात. फुलांकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांना सत्तेची भीती वाटली नाही. उलट, जिचे मन अनेक गोष्टींनी भरलेले आहे, तिच्याकडून सत्तेला फारसे हिरावून घेता येत नाही.

घरातल्या मंडळींसाठी

मग आपण, शहरातल्या चार भिंतींत राहणाऱ्यांनी, करावे काय? वर्तमानपत्र बंद करू नये. मतदान चुकवू नये, अर्ज करायचा तिथे अर्ज करावा, मोर्चात जायचे तिथे जावे. पण ज्या गोष्टीचा राग आला, तिच्याविषयी घरात तीन प्रश्न जरूर विचारावेत. हे केव्हापासून असे आहे? याआधी इथे काय होते? इथे माणसांखेरीज आणखी कोण राहते? नदी घाण झाली म्हणून चिडलेल्या मुलाला तिचा उगम, तिचे मासे आणि तिच्यावरचा जुना घाट ठाऊक असू द्या. तो अधिक चिडेल, पण नेमका चिडेल. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा राग उद्याची नवी बातमी आली की तिकडे जातो, आणि कालची नदी तशीच वाहत राहते.

आणि दिवसातला थोडा वेळ तरी असा असावा, की ज्यात कुणावर रागावायचे नाही आणि काही मिळवायचेही नाही. संतापाला रात्रंदिवस जागे ठेवले की तो थकतो, आणि थकलेल्या संतापाचे रूपांतर कडवटपणात होते. कडवट माणूस मोर्चालाही जात नाही, तो घरीच बसून सर्वांना शिव्या देतो. सत्तेला याहून सोयीचा नागरिक दुसरा नाही.

यंदाच्या सुटीत नागपूरपर्यंत जाणे झाले, तर दोन दिवस हाताशी ठेवून पुढे जावे. आंभोऱ्याचा संगम पाहावा, गोसीखुर्दचे दरवाजे पाहावेत, पवनीच्या टेकडीवर चढावे आणि संध्याकाळी लाखांदूरकडच्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर बसावे. मंडईचे दिवस असतील, तर लांबून नाटकाच्या मांडवातली पेटी ऐकू येईल. हिवाळी बदके उतरू लागलेली असतील. बुडालेल्या गावांविषयी तिथल्या माणसांशी बोलावे, त्यांचा राग नीट ऐकून घ्यावा, आणि मग त्यांना त्या तलावातल्या माशांची नावे विचारावीत. दोन्ही गोष्टी ते तितक्याच तळमळीने सांगतील.